लिफ्टचा धर्म

नवी लिफ्ट बोलायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा धर्म निघाला.

"तिसराऽ मजलाऽऽ," ती म्हणायची. शेवटचं अक्षर लांबवलं की बिल्डिंगीत लगेच ओळखायचे, हा 'त्या' धर्माचा. त्या लोकांची पोरं नीट बोलायला लागायच्या आधी सुरात प्रार्थना म्हणतात. मग म्हातारपणी बटाट्याचा भाव विचारतानाही तो सूर जिभेवरून उतरत नाही. बिल्डिंगीतली मंडळी मात्र शब्द कात्रीने कापल्यासारखा बोलायची.

"आज मजले सांगतेय, उद्या धर्म शिकवेल!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी लिफ्टवर बहिष्कार टाकला. अध्यक्ष राहायचे सहाव्या मजल्यावर. दर मजल्याला टेकायचे, लिफ्टला दोन शिव्या हासडायचे, की पुढे. मागून खजिनदारीणबाई, भाजीच्या पिशव्यांसकट. शेजारून लिफ्ट रिकामीच जायची, गोड आवाजात मजले सांगत.

तो आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा होता. ताई लिफ्टच्याच कंपनीत फोन घ्यायच्या. साहेबाला बाहेरून आवाज आणायचा खर्च वाचवायचा होता. "घरी बोलता तसं बोला," तो म्हणाला, आणि ताई बोलून बसल्या. घराबाहेर त्यांची जीभ कायम इस्त्री केलेली. आडनावही दोन्ही धर्मांत चालणारं. कुणाला पत्ता लागला नाही.

आईला काही इस्त्री बसेना. ताईंनी तिला बजावून ठेवलं होतं, "कुणी भेटलं तर नुसतं हसायचं." आई हसायची. बिल्डिंगीत तिला 'मुक्या आजी' म्हणत.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली.

"ताई, तुमचं बोलणं किती स्वच्छ! तुम्हीच द्या नवा आवाज," अध्यक्ष म्हणाले.

"द्याच हो," खजिनदारीणबाई म्हणाल्या. "त्या लोकांचं बोलणं ऐकलं की माझं जेवण उतरत नाही."

ताई सवयीने हसल्या. मग शेजारी पाहिलं. आईही हसत होती, शिकवल्यासारखी. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे लोक तर नालायक होतेच. पण आईच्या तोंडाला कुलूप यांनी नाही, आपण घातलं!

"काढा मोबाइल. घ्या आवाज."

अध्यक्षांनी लगबगीने फोन पुढे धरला.

"सहावाऽ मजलाऽऽ. दार उघडत आहेऽऽ."

खजिनदारीणबाई बाजूला सरकल्या, आतून माणसं बाहेर येणार असल्यासारख्या.

"म्हणजे... ती तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, पण तुम्ही तर आपल्यासारख्या बोलता!"

"त्यासाठी रोज जीभ चावते मी! आवाज बदलणार नाही. जमत नसेल तर गुडघे बदला."

"जाऊ दे गंऽऽ," मुक्या आजी बोलल्या, तशा सभेतल्या दोन खुर्च्या मागे सरकल्या. "बिचाऱ्याला तेल लाव म्हणावंऽऽ."

मायलेकी लिफ्टने वर गेल्या. लिफ्ट मजला सांगायची आणि आई तिच्यामागून तोच मजला खणखणीत म्हणायची. जिना चढणाऱ्यांना सगळं दोनदा ऐकावं लागलं.

ताई हसल्या नाहीत. हसणं आता पुष्कळ झालं होतं.