आठ मोकळ्या जागा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खोपोलीजवळच्या साजगावातल्या एका कारखान्याच्या गोदामात, रिकाम्या पिंपांच्या मागे मला ठेवले आहे. माझ्या पडद्यावर धूळ बसली आहे. काम सुटले तरी जीव निवांत झालेला नाही. एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, तीच सारखी आठवत राहते.

१९८५ साली मी टेंपोतून इथे आलो. माझ्यासाठी थंड हवेची वेगळी खोली केली होती. लोक चपला बाहेर काढून आत येत, मला बघून हळू आवाजात बोलत. या कारखान्यात जुने शिसे वितळवून त्याच्या लाद्या पाडत. शिशाची धूळ अंगात गेली की माणूस हळूहळू आजारी पडतो. म्हणून कामगारांचे रक्त दर महिन्याला तपासले जाई. तपासणीला कोणाला पाठवायचे, त्यांची यादी छापून देणे हे माझे मुख्य काम होते.

पण मला आपणहून काही कळत नाही. काय करायचे ते ओळीओळीने लिहून द्यावे लागते. त्या लिखाणाला प्रोग्राम म्हणतात. माझा प्रोग्राम दोघांनी मिळून लिहिला. एक होता दहिवलीचा कमळाकर. त्याचे वडील सत्तावन्न साली, बौद्ध झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, रेल्वेत लागले होते. मुलगा यंत्राची भाषा शिकला याचा त्यांना फार अभिमान होता. दुसरी हिरू. ती कशेळ्याच्या शेतकऱ्याची मुलगी. पहाटेची बस धरून कर्जतला यायची आणि तिथून पुढे खोपोलीला. दोघेही हुशार होते, कष्टाळू होते. फक्त दोघांची लिहायची रीत निराळी होती.

कमळाकर सगळ्या ओळी डाव्या कडेला लावून लिही. एका ओळीत मावेल तेवढे बसवी. हिरू एखाद्या अटीच्या पोटातली ओळ, म्हणजे ती अट पुरी झाली तरच पाळायची ओळ, आठ जागा मोकळ्या सोडून आत ढकली.

"ओळी अशा तिरक्या धावल्या की माझी नजर ठरत नाही," कमळाकर म्हणे.

"आणि तुमच्या भिंतीसारख्या लिखाणात कुठली ओळ कोणाच्या पोटात आहे ते मला दिसत नाही," हिरू म्हणे.

कळफलक एकच, म्हणून तो सकाळी बसे आणि ती दुपारी. तो तिच्या ओळी बाहेर ओढून ठेवी. ती आली की पुन्हा आत ढकली. पुढे पुढे दोघांचे बोलणेच बंद झाले. मित्रांनो, काम तेच आणि अर्थही तोच, पण माझ्या ओळी रोज इकडून तिकडे हलत होत्या. मला क्षणभर स्वस्थता नव्हती.

आता माझ्या भाषेचा एक नियम सांगतो. एका ओळीतली पहिली बहात्तर अक्षरे मी वाचतो. त्यापुढे काही लिहिले असेल तर ते मी सोडून देतो आणि तसे कोणाला सांगतही नाही.

एके दुपारी हिरूने कमळाकरची एक लांब ओळ आठ जागा आत ढकलली. कोणकोणत्या विभागांची नावे यादीत घ्यायची ते त्या ओळीत होते. शेवटी होते, "किंवा सात". ते दोन शब्द बहात्तराच्या पलीकडे गेले. उरलेली ओळ अर्थाने पुरी होती, त्यामुळे मी अडलो नाही. यादी छापली. सात नंबर म्हणजे भट्टी विभाग. त्यातल्या एकाचेही नाव यादीत आले नाही.

यादी नेहमी दुपारी, हिरूच्या वेळेत छापली जाई, म्हणून कमळाकरने सकाळी ओळ बाहेर ओढली तरी असे तीन महिने चालले. तिसऱ्या महिन्यात भट्टीवरचा चांगो खोलीच्या दाराशी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"साहेब, आमच्या भट्टीवाल्यांची नावं येत नाय. आमाला आता तपासणी नाय का?"

कमळाकर त्याच ओळी बाहेर ओढण्याच्या गडबडीत होता. "मशीन चुकत नाही, चांगोभाऊ. पाळी आली की नाव येईल."

"बरं," चांगो म्हणाला. "पोटात कळा येतात म्हणून इचारलं."

तो गेला. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

आठ दिवसांनी भट्टीजवळ चांगोच्या हातातला शिसे ढवळायचा मोठा पळा गळून पडला. त्याचे मनगट लुळे पडले होते. त्याला दवाखान्यात नेले. रक्तात शिसे फार झाले होते.

त्या दिवशी दोघे एकाच वेळी माझ्यासमोर आले. सात नंबरची नावे यादीतून कशी गेली यावरून आधी भांडले.

"तुम्ही ओळ ढकललीत," कमळाकर म्हणाला.

"तुम्ही सगळे विभाग एकाच ओळीत कोंबलेत," हिरू म्हणाली.

दोघांचेही खरे होते. मग हिरूने छापील कागद जमिनीवर पसरला आणि पट्टी ठेवून ती एकेक अक्षर मोजू लागली. बहात्तरावर तिचे बोट थांबले. कमळाकर तिच्या शेजारी खाली बसला.

भट्टीवरच्या बाकीच्यांना त्याच दिवशी तपासणीला पाठवले. त्यांतल्या आणखी दोघांच्या रक्तात शिसे वाढलेले निघाले, पण ते वेळेवर सापडले. संध्याकाळी कमळाकर आणि हिरू चांगोच्या घरी गेले. तिथे काय झाले ते हिरूने दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगितले, तेव्हा मी ऐकले. त्यांनी सगळे कबूल केले होते. चांगोची बायको सुंदरा ऐकून घेत होती. मग तिने विचारले, "पण तुमी दोगं भांडत होता ते कशापायी?"

"मला सांगता येईना," हिरू म्हणाली. "मोकळ्या जागेसाठी, असं कसं सांगू तिला?"

त्यानंतर दोघे शेजारी शेजारी बसले. हिरूच्या आठ जागांच्या चार झाल्या. कमळाकरने एका ओळीत एकच विभाग लिहायला सुरुवात केली. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय यादी छापायची नाही, असे ठरले. चांगोला गेटवर हलके काम मिळाले. हाताला थोडी ताकद आली, पण सदऱ्याची बटणे पुढेही सुंदराच लावी.

तीन वर्षांनी नवे यंत्र आले आणि त्यावर काम करायला आवडी नावाची मुलगी आली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "या ओळी मी माझ्या पद्धतीने लावून घेते."

हिरू रागावली नाही. "घे ना. पण आधी चल," म्हणाली. तिने यादी हातात घेतली, आवडीला भट्टीवर नेले आणि एकेक नाव वाचून त्या त्या माणसाची ओळख करून दिली.

मित्रांनो, तुम्हीही कोणाबरोबर मिळून काम कराल. तुमची रीत तुम्हाला चांगली वाटेल, त्यालाही त्याची वाटेल. दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी एकमेकांशी बोला. आणि काम ज्याच्यासाठी आहे त्या माणसाला एकदा तरी जाऊन भेटा.