झूराची चाहूल

तिलेक म्हणाला, “तुझा दादा रिकिबीत पाय टाकेल ना, तेव्हा ‘चाहूल लागली’ म्हणून दाखव. नाहीतर कबूल कर, झूरा भित्री.”

भित्री, आणि मी? म्हटलं, बघच.

आमच्या कुरणावर हे शब्द कुणी उगाच बोलत नाही. भीती वाटली तर भीती म्हणायचं, स्वप्न पडलं तर स्वप्न. चाहूल वेगळी, पुढच्या अरिष्टाची. ती लागली म्हणणाऱ्याला कसली, कुणाची, विचारायचं नसतं. निघालेल्यानं मुकाट घोड्यावरून उतरायचं. मला ते सगळं थोतांड वाटायचं. अजून वाटतं.

सागिनदादाला दुपारच्या आत खिंड ओलांडायची होती. पलीकडे शहराचा ट्रक उभा. तो चुकला की जनावरांच्या डॉक्टरकीची जागा गेली. दोन वर्षं अभ्यासात घासली होती त्यानं. त्यानं रिकिबीत पाय टाकला आणि मी बोलले.

दादा उतरला. आईनं खोगीर सोडलं. तिलेक पांढराफटक.

“तोंड का उतरलं रे?”

“झूरे, तो आवाज… तुझा नव्हता.”

“चल, काहीतरीच!”

दादा तंबूच्या दाराशी बसून खिंडीकडे बघत राहिला. ऊन चढत होतं. मला ते बघवेना.

“खोटं बोलले मी!” मी ओरडले. “तिलेकशी पैज होती. मारा हवं तर, पण त्याला जाऊ द्या!”

आई हात उगारून धावली. दादा मात्र हसला. “गाढवे! परत आलो की कान उपटतो तुझे.” खोगीर घालून, टाच मारून गेलासुद्धा.

ओस्मोन आजोबा, कुरणावरचे सगळ्यांत म्हातारे, शेजारी येऊन बसले.

“नुसती पैजच होती?”

“सांगितलं ना!”

“झूरा.”

दादा खिंडीच्या तोंडाशी ठिपक्याएवढा झाला होता. हाक पोचली नसती.

“पैज नसती तरी बोलले असते,” मी म्हटलं. “सकाळी तो चहा पीत होता, आणि मला वाटलं, हा आता परत दिसायचा नाही. म्हणून बोलले. झालं समाधान? पण ती चाहूल-बिहूल नव्हती, सांगून ठेवते!”

माणूस पुरून झाल्यावर करतात तसे आजोबांनी दोन्ही तळवे उघडले, आणि चेहऱ्यावरून सावकाश खाली आणले.