आधी सांगा, मग मला फेका

मित्रांनो, मी एक जुना पिवळा रुमाल आहे. नेब्रास्कातल्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये कुणी नियम मोडला की पंच मला मैदानावर फेकतात. लव्हॉनबाईंनी स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्यातून मला शिवलं आणि वाऱ्याने भरकटू नये म्हणून एका टोकाला मक्याचे दाणे बांधले. त्यांचे यजमान ऑर्व्हिल रेषेवरचे पंच. मी त्यांच्या कमरपट्ट्यात राहायचो.

आणि राहायचोच, बरं का! फेकला जायचो क्वचित. चेंडू हलण्याआधी कडेचा खेळाडू चेंडूच्या रेषेवर उभा हवा. पाऊलभर मागे राहिला तरी चूक. म्हणून तो पंचांकडे बघून हात करतो, मी बरोबर आहे ना? ऑर्व्हिल लगेच ओरडायचे, "अरे पोरा, ये की पुढे! रेषा काय चावते तुला?" पोरगं हसत पुढे सरकायचं आणि माझी झोप मोडायची नाही.

मग त्यांचा गुडघा गेला आणि त्यांनी मला ब्रेंट नावाच्या नव्या पंचांकडे सोपवलं. नियम तोंडपाठ, पण तोंड कायम बंद!

एका शुक्रवारी असा सामना होता की हरेल त्या संघाचा हंगाम तिथेच संपणार. आमच्या गावच्या संघातल्या कोल्टन रुझिच्काचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. त्याच्यासारख्यांचा खेळ शाळेबरोबरच संपतो, पुढे शेत आणि ट्रॅक्टर. शेवटच्या डावाला तो कडेला उभा राहिला, पाऊलभर मागे. त्याने ब्रेंटकडे बघून हात केला. पुन्हा केला. ब्रेंटनी सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि बोटही हलवलं नाही. चेंडू हलताच त्यांनी मला भिरकावलं.

कोल्टन चेंडू झेलून थेट मैदानाच्या शेवटच्या रेषेपार गेला. सगळं गाव उभं राहून नाचलं आणि मग त्यांना मी दिसलो. गुण रद्द झाले. पुढचा प्रयत्न फसला आणि सामना गेला.

"जाळा ते फडकं!" लोक ओरडले. मला संताप आला, मित्रांनो! मी काय आपल्या पायाने गेलो होतो? चोर सोडून संन्याशाला फाशी!

ऑर्व्हिल लंगडत मैदानात आले. "पोरानं विचारलं होतं ना रे तुला?"

"सांगायचं बंधन नाही नियमात."

"श्वास घ्यायचंही नाही. तरी घेतोसच ना?"

तेवढ्यात कोल्टनने चिखलातून मला उचललं. त्याचे डोळे लाल होते, पण त्याने मला झटकलं आणि पुढे धरलं. "तुमचा रुमाल, सर. चूक माझीच होती. पण मी विचारलं होतं, सर."

मित्रांनो, मला धुऊ नका, इस्त्री करू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. कुणी हात करून विचारलं तर तेवढं उत्तर द्या. मी कमरेला सुखात आहे.