अरामीचं बोट

विशेष मुलांच्या शाळेच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काआसापा गावच्या बाजारात चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणाऱ्या बायकाही टोपल्या टाकून आल्या होत्या. मधोमध देवाचा माणूस म्हणवणारा भाऊ तावेरा अकरा वर्षांच्या अरामीचं मनगट धरून बसला होता. जन्मात एक शब्द न बोललेल्या त्या पोरीचं बोट पाटीवरच्या अक्षरांवर फिरत होतं आणि तिची आई निमिया मोठ्यानं वाचत होती.

"आई... तुझी... माया... मला... कळते."

बायांनी डोळे पुसले.

"माझं यात काही नाही हो," तावेरा म्हणाला. "बोलतात देवदूत. मी आपली टेलिफोनची तार."

ही तार दक्षिणेची कोंबडी घेतल्याशिवाय जोडली जात नसे.

सेल्साबाई अरामीच्या वर्गशिक्षिका. हे खरं असावं, असं क्षणभर त्यांनाही वाटलं. पण पोर पाटीकडे बघतच नव्हती. तिची नजर आंब्यावरच्या पोपटांवर होती. तेवढ्यात बोटानं लिहिलं, 'गोळ्या नकोत. देवदूत पळतात.'

अशाच आधीच्या निरोपावरून निमियानं फिट्सच्या गोळ्या थांबवल्याही होत्या. आदल्याच दिवशी अरामी वर्गात कोसळली होती.

"निमिया, मी एक विचारू तिला?"

"विचारा की. तुम्हालाच पटत नाही."

बाई अरामीला आत घेऊन गेल्या. जाताना संत्र्यांची टोपली मुद्दाम तावेराच्या नाकासमोरून नेली. दार लावून पोरीला केळं भरवलं आणि साल एप्रनच्या खिशात टाकून तिला पुन्हा अंगणात आणलं.

"अरामी, आत्ता काय खाल्लंस?"

तावेरानं मनगट धरलं. बोट झरझर फिरलं. "संत्रं," निमियानं वाचलं.

बाईंनी खिशातून केळ्याची साल काढून दाखवली.

"सैतान मध्ये आला!" तावेरा ओरडला. "संशयानं तार तुटते!"

"मग हात सोडा तिचा. तिचं तिला लिहू दे."

तो सोडेना. "सोड की रे," एक चिपावाली म्हणाली, "तुझी कोंबडी नाही पळून जात!"

हात सुटला. अरामीनं पाटीला शिवलंसुद्धा नाही. तिनं बाईंचा खिसा थोपटला. 'अजून दे' म्हणायची तिची ही रीत शाळेत सगळ्यांना ठाऊक होती.

तावेराला लोकांनी फाटकाबाहेर काढलं. निमिया जागची हलली नाही.

"मग मला आई कोण म्हणालं, बाई?"

"तावेरा."

"इतके दिवस माझी पोर माझ्याशी बोलत होती. तुम्ही तिला मुकी केलीत."

बाईंनी फिट्सची गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. निमियानं गोळी हिसकावून घेतली. पण रडत रडत ती पोरीला दिली.

असा चमत्कार तुमच्या अंगणात आला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. जे मनगट धरणाऱ्याला ठाऊक नाही, ते विचारा. आणि न बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालू नका; त्याचा हात मोकळा सोडा आणि तो कुठे जातो, ते बघा.