गारबाबांची फुंकर आणि पितळी पंखा

रविवारी सकाळी आठ वाजता बागेतल्या तळ्याकाठी साठ-सत्तर माणसं एका हातभर लांबीच्या बोटीतल्या मोटरला हात लावायला रांगेत उभी होती. जो हात लावी तो चटकन काढून घेई आणि मागच्याला सांगे, “गार आहे हो. माठासारखी गार.”

मोटर गार असण्यात काय विशेष, हे कळायला आमचं मंडळ माहीत हवं. खऱ्या जहाजांचे नकाशे मिळवायचे, चाळिसाव्या भागाच्या बोटी घडवायच्या आणि रविवारी तळ्यात सोडायच्या, एवढंच आमचं काम. बोटी दिसायला हुबेहूब जहाजं, पण तापायला इस्त्र्या. पाच मिनिटांत मोटरला हात लावता येत नसे, दहाव्या मिनिटाला तळ्याच्या मधोमध बॅटरी मान टाकी. मग मंडळाचे अध्यक्ष, जे दातांचे डॉक्टर आहेत, पँट दुमडून पाण्यात उतरत.

अशा मंडळात तीन महिन्यांपूर्वी गारबाबा अवतरले. बोट सात दिवस त्यांच्याकडे ठेवायची. आठव्या दिवशी ते तळ्यावर येऊन उघड्या मोटरवर तीन फुंकरी मारत आणि बोट अर्धा तास फिरून गार परत येई. दर्शन झालं की झाकणाला लाखेचं सील आणि कप्तानाच्या केबिनमध्ये बाबांचा फोटो. तोही एकास चाळीस. मंडळ श्रद्धेत वाहून गेलं होतं, पण मोजमापात ढिलाई नव्हती.

“वीज म्हणजे काय?” बाबा खुर्चीवरून विचारत. “धावणारा अग्नी. फुंकर म्हणजे काय? धावणारा वारा. अग्नीला वारा भेटला की काय होतं?”

“भडकतो,” मी म्हणालो.

“तुमच्या घरी भडकत असेल.”

सगळे हसले. मीही हसलो. बाबा हजरजबाबी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मी हे हसण्यावारी नेलंही असतं. पण त्या रविवारची बोट माझ्या भाऊजींची होती. भाऊजींनी सारी नोकरी जहाजांच्या कारखान्यात नकाशे काढण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर चार वर्षं खपून ही टगबोट केली, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी बुटकी बोट. बाबांनी त्यांचे तळवे चाचपून निकाल दिला होता, “उष्ण हात. या हातांनीच मोटर पेटते. आता बोटीला हात लावायचा नाही. कधीच.”

भाऊजींनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली.

माझी ताई घरीच सोनारकाम करते. दुपारी बोट घरी आणली तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “अरे, आठवडाभर हात मांडीखाली घेऊन माझ्या टेबलाशी बसलेत. अंगठी कशी घडवायची ते मला शिकवतात. काल डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणे धूर गेला. माझी शेगडीसुद्धा पेटलेली नव्हती.”

तिने बोट उलटी केली आणि मागचा पितळी पंखा, मंडळाच्या भाषेत प्रोपेलर, सोडवायला घेतला.

“अगं, मनाई आहे,” भाऊजी कळवळले.

“तुमच्या हातांना आहे. माझ्या नाही. हा पंखा मी घडवलाय, आणि माझ्या टेबलावरून गेलेली वस्तू परत आली की आधी काट्यावर जाते.”

जाताना पंखा बावीस ग्रॅम होता. काट्याने साडेवीस दाखवले.

“सात दिवसांच्या साधनेत दीड ग्रॅम पितळ कुठं गेलं हो?” ताईने विचारलं.

भाऊजी उठले, नकाशावरून कापलेला पुठ्ठ्याचा साचा घेऊन आले आणि त्यांनी तो पात्यावर ठेवला. तिन्ही पाती टोकाला तीन-तीन मिलिमीटर आखूड. कानस मारून वर पॉलिश. भाऊजी स्वतःवरच हसले.

“गाढव मी. नकाशावर प्रेम म्हणून पंखाही एकास चाळीस केला. खऱ्या टगचा पंखा मोठा असतो, पण तो सावकाश फिरतो. माझी मोटर भिंगरीसारखी. तिला एवढा पंखा म्हणजे चढावर जड गिअरमध्ये सायकल. तो पेलत नाही, म्हणून ती वीज ढोसत राहते आणि तापते. बोट चाळिसावा भाग झाली, पाणी कुठं झालं?”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. ताईने रात्रंदिवस खपून मूळ मापाचा दुसरा पंखा घडवला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “मोटर तुम्ही आशीर्वाद दिलेली. सील तुमचं, फोटो तुमचा. फक्त पंखा बदलतोय.”

भाऊजींनी बोटीकडे हात नेला तसं मंडळ दोन पावलं मागे सरलं. बोट निघाली. सहाव्या मिनिटाला ती काठाशी घेतली, अध्यक्षांनी सील फोडून आत हात घातला आणि एक शब्द उच्चारला, जो दातांच्या डॉक्टरांना रुग्णांकडून ऐकायची सवय असते.

“बघा,” बाबा शांतपणे म्हणाले. “उष्ण हात.”

माना डोलल्या. मला वाटलं, संपलं.

“बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले. त्यांनी मोटर निवू दिली, नवी बॅटरी जोडली आणि त्याच उष्ण हातांनी कानसलेला पंखा परत बसवला. बोट अर्धा तास फिरली. या वेळी अध्यक्षांनी आधी हातरुमाल गुंडाळला. मग काढला. मग दोन्ही तळवे मोटरवर ठेवून उभे राहिले.

“गार आहे,” ते म्हणाले. “फुंकर तर कुणीच मारली नाही.”

आता सगळे बाबांकडे बघत होते. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखे खांदे पाडले.

“पंपांच्या दुकानात होतो मी,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं सांगितलं, मोटर जळेल, पंखा लहान घ्या. लोक म्हणायचे, मोठाच द्या. फुंकर मारली आणि तुम्ही खुर्ची दिलीत.”

“कानस सुरेख चालवता,” भाऊजी म्हणाले. “तिन्ही पात्यांत केसभर फरक नाही. हे शिकवलं असतंत तरी खुर्ची दिली असती. पण माझे हात का काढून घेतलेत?”

बाबा उठले आणि त्यांनी आपली खुर्ची भाऊजींकडे सरकवली.

आता भाऊजी मंडळाला शिकवतात: मोठा पंखा हवा तर सावकाश मोटर घ्या, वेगवान मोटर घेतलीत तर पंखा लहान ठेवा, आणि पाच मिनिटांनी हात लावून बघा. एवढंच ज्ञान तीन महिने लाखेखाली बंद होतं, आणि सील आम्हीच कौतुकाने मिरवत होतो.

म्हणून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच विचारा, “मी उघडून बघू?” बघा म्हणाला तर तो कारागीर आहे, त्याच्यापाशी बसून शिका. पाप लागेल म्हणाला तर आपली वस्तू उचला, घरी आणा आणि उघडा. फार तर हात भाजतील. ते आपलेच आहेत.