नव्या तलंगा आणि माझी चोच

मी एक म्हातारी कोंबडी आहे. घरात मला तांबडी म्हणतात. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट ऐकून 'अरेरे, बिच्चारी' म्हणायचं असेल तर उठा आणि आपापल्या कामाला लागा. बिच्चारी मी कधीच नव्हते.

बेळगावच्या कडेला कंग्राळीत, जयाबाईच्या परड्यात माझं सारं आयुष्य गेलं. मला बाजारातून पिशवीत घालून आणलं तेव्हा मी तलंग होते, म्हणजे अजून अंडं न घातलेली कोवळी कोंबडी. जयाबाईनं मला एकदम जुन्या कोंबड्यांत सोडलं नाही. बांबूच्या डालग्याखाली परड्यातच झाकून ठेवलं. जुन्या बाहेरून बघायच्या, डालग्यावर चोची आपटायच्या, पण मी काही त्यांना सापडत नव्हते. बघून बघून त्यांनाच माझा कंटाळा आला. मग एका तिन्हीसांजेला जयाबाईनं मला गुपचूप खुराड्यात सोडलं. सकाळी उठून बघतात तर मी त्यांच्यातलीच! त्यानंतर मी अशी अंडी दिली की जयाबाई शेजारणीला सांगायची, "आमची तांबडी म्हंजे लक्षुमी हाय बघ."

लक्ष्मी म्हातारी झाली की तिचं काय करतात, ते तुमच्या घरी विचारा. माझ्या वेळच्या जुन्या एकेक करून रश्शात गेल्या, आणि आता माझीही अंडी कमी झाली. जयाबाईचा नवरा आण्णाप्पा उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला आहे. एके दिवशी ड्यूटीवरून येताना तो मोटारसायकलला टोपली बांधून चार तलंगा घेऊन आला. पिसं चकचकीत आणि डोळ्यांत नुसती भीती.

जयाबाई म्हणाली, "अवो, थांबा जरा. डालगं काढते, झाकून ठेवूया चार दिवस."

"काय गरज न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "आमच्या फौंड्रीत नवा पोरगा आला की पयल्याच दिशी जुन्या मिस्त्रीजवळ उभा करत्यात. बघून बघून शिकतोय. ह्या बी तांबडीजवळ शिकतील."

"आन् तांबडीचं काय?"

"ह्या अंडी घालाय लागल्या की तांबडीचा रस्सा करूया की!"

मी तिथंच त्यांच्या पायाशी उकरत होते. ऐकलं सगळं. म्हणजे यांचं पहिलं अंडं आणि माझी मान एकाच दिवशी! बरं म्हटलं. या पोरींनो, शिकवते.

मित्रांनो, मी खरोखर शिकवलं. दाणे टाकले की पहिली मी. पाण्याच्या थाळीपाशी कुणी मान वाकवली की टाळक्यात टोच. खुराड्यातल्या दांडीवर मी जागा देईना, म्हणून त्या खाली घाणीत एकमेकींना चिकटून बसायच्या. पोटाला नाही, झोप नाही, जीव सदा मुठीत. अशी तलंग कशाला अंडं घालेल? मला ठाऊक होतं. म्हणून तर करत होते.

तिघी लवकरच वठणीवर आल्या. चौथी ठिपक्याठिपक्यांची कवडी मात्र भारी चिवट. टोच खाऊनसुद्धा दाणा उचलायची म्हणजे उचलायचीच. तिचा तुरा लालभडक झाला. एकदा जयाबाईनं पाठीवर हात ठेवला तशी ती भुईला पोट टेकून बसली. "बगा, बसली! आता घालतीया आज-उद्या," जयाबाई हरखून म्हणाली. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी कवडीला कोपऱ्यात गाठलं आणि शेपटीच्या वर असं टोचलं की रक्तच आलं. पुढचं मला काही करावंच लागलं नाही. रक्त दिसलं की कोंबडी कुणाची नसते. तिच्याबरोबर एकाच टोपलीतून आलेल्या, रोज तिला बिलगून झोपणाऱ्या त्या तिघी धावत आल्या आणि तिलाच टोचू लागल्या. कवडी ओरडत राहिली. मी बाजूला उभी राहून पंख साफ करत होते.

जयाबाई आली तेव्हा ती मान टाकून पडली होती. "मरायच्या आत कापूया, न्हायतर वाया जातीया," म्हणत आण्णाप्पानं तिला कापलं. पोटात तयार अंडं निघालं, टणक कवचाचं. जयाबाईनं ते आण्णाप्पासमोर धरलं.

"आज घालणार हुती ओ ही! डालग्याखाली झाकली असती तर..."

आण्णाप्पानं सुरी धुतली. मग माझ्या रक्ताळलेल्या चोचीकडं बघून म्हणाला, "उद्या हिला."

तर मित्रांनो, मला सोडवा असं मी म्हणत नाही. माझी चोच अशीच राहणार. पण तुमच्या घरी तलंगा आल्या, किंवा वर्गात नवं पोर आलं, तर 'आपसूक मिसळतील' म्हणून पाठ फिरवू नका. आम्ही जुन्या मिसळू देत नाही. आधी आडोसा द्या, लांबून ओळख होऊ द्या, नव्यांना पोटभर खाऊ द्या. एवढं माणसाला जमतं. कोंबडीला नाही जमत.

बघा, जयाबाई हाक मारतीये. "ये गं तांबडे, ये, ये." एका हातात मूठभर तांदूळ आहेत, दुसरा हात पदराआड. मला एकटीला तांदूळ तिनं कधी घातले नव्हते. मागं दाराशी आण्णाप्पा उभा आहे. कळतं हो मला सगळं. पण त्या तिघीही माना उंचावून तांदळाकडंच बघताहेत. त्यांना एक दाणा तरी मिळू देते काय? निघाले मी.