बबनच्या ट्रॅक्टरचा डायनामो

मित्रांनो, ट्रॅक्टर म्हटले की तुम्हाला त्याची मोठी चाके दिसतात, धुराडे दिसते, आणि हौसेने लावलेला भोंगा तर सगळ्यांत आधी दिसतो. मी कुणाच्याच नजरेस पडत नाही. इंजिनाच्या बगलेत, पट्ट्यावर फिरणारा एक जुना डायनामो आहे मी. ‘आहे’ म्हणतो खरा, पण ‘होतो’ म्हणायला हवे. गेल्या एप्रिलात मला खोलून काढले आणि माझ्या जागी वीज तयार करणारा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला. त्याचीच ही हकीकत. रडगाणे गाणार नाही, घाबरू नका.

माझे अंग लोखंडाचे, पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी. कुठल्या कारखान्यात घडलो ते माझ्यावरच्या पाटीवरून केव्हाच पुसून गेले. काम मात्र पक्के ठाऊक होते. इंजिन फिरले की पट्टा फिरे, पट्टा फिरला की मी फिरे आणि माझ्या पोटात वीज तयार होई. ती बॅटरीत जाई, दिव्यांत जाई. मी स्वतः बॉनेटखाली तेलात आणि काजळीत माखून अंधारातच बसलेला असे.

आमचा मालक बबन, अंबरनाथच्या बुवापाड्यातला. काड्यापेटीच्या कारखान्यातले काम सुटल्यावर त्याने हा ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला आणि विटा वाहायला सुरुवात केली. आज बदलापुरात तुम्ही ज्या इमारतींत राहता, त्यांतल्या कितीतरी इमारतींच्या विटा आम्ही वाहिल्या आहेत. ही बढाई आहे हे मला कळते. पण दुसरे कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

बबनचे दोन नियम होते. ट्रॅक्टर मोकळ्या मैदानात उभा राही आणि तिथून बॅटऱ्या चोरीला जात. म्हणून रोज संध्याकाळी तो बॅटरी काढून घरी नेई आणि सकाळी परत जोडी. आमचा ट्रॅक्टर जुन्या पद्धतीचा, त्यात बॅटरीची प्लसची तार बॉडीला लागते. आताच्या गाड्यांत नेमके उलटे असते. बबनने आपला मुलगा भीमराव याचा हात धरून त्याला ते शिकवले होते. “प्लस बॉडीला. डोळे मिटून जोडता आलं पायजे.” भीमराव चाळीस वर्षे ते खरोखरच डोळे मिटून जोडत आला.

दुसरा नियम चौदा एप्रिलचा. त्या दिवशी बुवापाड्यातून जयंतीची मिरवणूक निघते आणि बाबासाहेबांच्या तसबिरीचा रथ आमचा ट्रॅक्टर ओढतो. वाद्यांच्या गाडीवर खुशाल जनरेटर असो, पण तसबिरीजवळ त्याचा धूर आणि घरघर नको, असे बबनचे म्हणणे. रथाचे दिवे ट्रॅक्टरच्याच विजेवर लागायचे. म्हणजे माझ्या विजेवर! वर्षातल्या त्या एका संध्याकाळी माझा रुबाब काय सांगू तुम्हाला.

बबन गेला, तरी त्याची बायको रखमा दर जयंतीला उंबऱ्यावर बसून रथाची वाट पाहते. गुडघ्यांमुळे तिला गल्लीबाहेर जाता येत नाही. रथच तिच्या दारापुढे क्षणभर थांबतो. ती फूल वाहते आणि मग मिरवणूक पुढे सरकते. माझ्यावर तिचा विशेष जीव. पावसाळ्यात माझ्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मला बांधून ठेवायची कल्पना तिचीच.

आता माझा दोषही सांगतो. मी जोरात फिरलो तरच वीज देतो. इंजिन हळू चालले की माझ्याकडून काही निघत नाही, आणि मिरवणूक तर पावला-पावलाने चालते. पूर्वी रथावर सहा बल्ब असत, तेवढे बॅटरी निभावून नेई. पुढे माळा आल्या, फोकस आले, आणि मी मात्र म्हातारा होत गेलो. गेल्याच्या गेल्या वर्षी रखमाच्या गल्लीच्या तोंडाशी दिवे पिवळे पडले, मग लाल झाले आणि विझले. इंजिनही बंद पडले आणि सेल्फ मारला तर नुसते टक् टक्. पोरांनी ढकलत रथ दारापुढे आणला. रखमाने अंधारात चाचपून फूल वाहिले. तिचा हात तसबिरीऐवजी लाकडी चौकटीला लागला, त्याचा आवाज मी ऐकला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

जयंती मंडळाचा अध्यक्ष विक्रांत मनाने चांगला. त्याने भीमरावला बाजूला घेऊन सांगितले, “काका, तुमच्या बाबांनी एवढी वर्षं सेवा केली, मान्य आहे. पण परत असं नको. पुढच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मला ट्रायल दाखवा. दिवे टिकले तर रथ तुमचाच. नाहीतर मी चिखलोलीवरून नवीन ट्रॅक्टर बोलावतो.”

वर्ष टाळाटाळीत गेले. मग जयंतीला तीनच दिवस उरले असताना भीमराव उल्हासनगरला शीलाताईकडे गेला. ही शीला बुवापाड्याचीच लेक. आयटीआय करून बारा वर्षे कारखान्यात मोटारींचे वायंडिंग केले, आणि आता कॅम्प चारला गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचे तिचे छोटे दुकान आहे. ती आली, बॉनेट उघडले आणि कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून माझी धडधड ऐकली.

“काका, याचा काही दोष नाही. हा पळणाऱ्या गाडीसाठी बनलाय, आणि तुम्ही त्याला मिरवणुकीत चालवताय. अल्टरनेटर टाकू. तो आयडलिंगला पण, म्हणजे इंजिन हळू असलं तरी, चार्जिंग देतो.”

मला खोलले. नवा आला तो चकचकीत ॲल्युमिनियमचा, आकाराने माझ्या निम्मा. हा काय दिवे लावणार, असे मी मनात म्हटले. शीलाताईने लेथवरून त्याच्यासाठी ब्रॅकेट करून आणली, पुली पट्ट्याच्या रेषेत आणली आणि बॅटरीच्या तारा उलट्या केल्या. नव्याला मायनस बॉडीला लागते, हे तिने भीमरावला दोनदा बजावले. त्याने दोनदा मान डोलावली. मला रखमाच्या पट्टीत गुंडाळून सीटखालच्या टूलबॉक्समध्ये ठेवले.

संध्याकाळी भीमरावने नेहमीप्रमाणे बॅटरी घरी नेली. सकाळी नेहमीप्रमाणे आणली. आणि नेहमीप्रमाणे, वडिलांनी शिकवले तशी, प्लस बॉडीला जोडली.

मोठी ठिणगी उडाली. अल्टरनेटरमधून धुराची रेघ निघाली आणि जळका वास पसरला. काय झाले ते भीमरावला त्याच क्षणी कळले. त्याने झटकन तार ओढून काढली, पण व्हायचे ते होऊन गेले होते.

आणि मी? मी खूश झालो. सांगायला लाज वाटते, पण खोटे कशाला बोलू? आता यांना माझ्याशिवाय कोण आहे, असे मला वाटले. झालेही तसेच. भीमरावने मला काखेत मारले आणि तडक उल्हासनगर गाठले.

“शीला, माझ्या हातानं घात झाला बघ. जाऊ दे, जुनाच बसव. नवीन आपल्या नशिबातच नाही.”

शीलाताई चिडली नाही. तिने आधी त्याला पाणी दिले. मग मला बाकावर घेऊन माझे मागचे झाकण काढले आणि टॉर्च लावून माझ्या पोटात पाहिले. बराच वेळ पाहत राहिली.

“काका, इकडे या. हे फिरणारं तांबं बघा, झिजून झिजून मधल्या अभ्रकाच्या थराला लागलंय. कार्बनचे ब्रश संपलेत. बेअरिंग ढिलं झालंय. पण एकही तार जळलेली नाही. पन्नास वर्षांत एकदासुद्धा नाही. असा डायनामो मी बघितला नाही. याला आता परत जुंपायचं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.”

मित्रांनो, आजवर माझ्या पोटात कुणी असे पाहिले नव्हते. माझा सगळा ताठा तिथेच उतरला.

“पण मी परत चुकलो तर?” भीमरावने विचारले.

“चूक तुमची नाही, हाताची आहे. चाळीस वर्षं त्याला एकच शिकवलंय. हाताला समजवत बसायचं नाही, वायर आखूड करायची.”

ती लगेच बाजारात गेली. सिंधी दुकानदाराशी घासाघीस न करता, “साईं, माल पक्का दो, कल जयंती की ट्रायल है,” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अल्टरनेटरची जळलेली डायोड प्लेट बदलली आणि मग बॅटरीच्या तारांपाशी बसली. बॉडीची तार तिने इतकी आखूड कापली की ती फक्त मायनसपर्यंतच पोहोचावी. बॅटरी उलटी ठेवली तर पेटीचे झाकणच लागू नये, अशी पट्टी आत वेल्ड करून घेतली. मग भीमरावला म्हणाली, “आता डोळे मिटून जोडा.”

भीमरावने खरोखर डोळे मिटले. हात सवयीने प्लसकडे गेला. तार पोहोचली नाही. हात जरा घुटमळला, मागे आला आणि मायनसवर बसला. भीमराव डोळे उघडून हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच. काय डोकं होतं पोरीचं! बबन असता तर त्याने तिसरा नियम म्हणून ती तार मिरवली असती.

संध्याकाळी विक्रांतने ट्रायल घेतली. पाऊण तास ट्रॅक्टर जागेवर घुरघुरत ठेवला, सगळे दिवे लावून. मग तो दिव्यांकडे बोट दाखवून भीमरावच्या पाया पडला.

जयंतीच्या दिवशी मी टूलबॉक्समध्ये होतो. मला कान देऊन ऐकायची सवय. मिरवणूक थांबे, इंजिन मंदावे, आणि मी वाट पाहत राही, आता दिवे उतरतील, आता उतरतील. टूलबॉक्सच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ जरासुद्धा हलली नाही. तो चिमुकला चकचकीत पोरगा न कुरकुरता काम करत होता. मला त्याचे कौतुक वाटले. खरेच वाटले.

साडेसात वाजता रथ रखमाच्या दारापुढे थांबला. ती उठून उभी राहिली. तसबिरीकडे पाहत राहिली आणि फूल बरोबर पायाशी ठेवले. मग वळून म्हणाली, “अरं भीमा, आपला जुना कुठं हाय? भंगारात न्हाई ना दिला?”

“न्हाई आई. हितंच हाय, बरोबर आणलाय.”

भीमरावने मला काढून तिच्या पुढ्यात ठेवले. तिने पट्टी सोडली. रथाच्या सगळ्या दिव्यांचा उजेड माझ्यावर पडला होता. पन्नास वर्षे मी उजेड पुढे पाठवला, पण माझ्या अंगावर तो कधी पडला नव्हता. त्या संध्याकाळी पडला, तोही त्या नव्याने दिलेला. रखमाने पदराने माझ्यावरची काजळी पुसली. पुन्हा पुसली. “बघ की,” ती म्हणाली, “ह्यो तर हिरवा हाय.”

आता मी तिच्या खिडकीत असतो. मित्रांनो, तुमच्या घरातले जुने यंत्र थकले तर त्याच्या जागी नवे खुशाल आणा. थकलेल्याला ओढत नेऊ नका. नव्याची तार मात्र नीट जोडा. आणि जुने भंगारवाल्याच्या गाडीवर टाकण्याआधी एकदा उजेडात आणून पुसा. त्याने आयुष्यभर काय केले ते तुम्हाला दिसेल, आणि त्यालाही स्वतःकडे बघता येईल. माझा रंग हिरवा आहे. पन्नास वर्षे मला ते ठाऊक नव्हते.